सोलापुरात घर घेताय? आधी मागच्या मालकाचं लाईटबिल मागा

२०१९ साली बदली झाली म्हणून मी लातूरहून सोलापूरला आलो आणि जुळे सोलापुरात एक जुना फ्लॅट घेतला. खरेदीखत, बँकेचं कर्ज, सोसायटीचं ना-हरकत पत्र, सगळं वकिलाच्या नजरेखालून गेलं. लाईटबिल मात्र कुणी पाहिलंच नाही. पहिलं बिल आलं त्यात माझ्या अठरा दिवसांच्या वापराबरोबर मागची तीन महिन्यांची थकबाकी मुकाट बसलेली होती. आधीचे मालक तोवर पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले. फोन उचलायचे, "बघतो" म्हणायचे, ठेवून द्यायचे. शेवटी पैसे मीच भरले.

त्यानंतर चिडून बिलातली एकेक ओळ समजून घेतली. आता शेजारीपाजारी बिल घेऊन माझ्याकडे येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. तुम्ही भाड्याने येत असा, विकत घेत असा किंवा नवं बांधत असा, यातलं बरंचसं कामाला येईल.

१. चिमणी गावाजवळ, दर राज्याचा

होटगी रोडने बाहेर पडलं की फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. ६६० मेगावॅटचे दोन संच, म्हणजे १,३२० मेगावॅट. नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "एवढी वीज इथं तयार होते, मग आपल्याला स्वस्त का नाही?" मीही विचारला होता.

त्याचं कारण असं, की ती वीज थेट तुमच्या डीपीवर येत नाही. उच्च दाबाने ती ग्रीडमध्ये, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, जाते आणि तिच्यात महाराष्ट्राबरोबर इतर राज्यांचाही वाटा असतो. शिवाय कोळसा इथला नाही, तो लांबच्या खाणींतून रेल्वेने येतो. इथलं म्हणाल तर उजनीचं पाणी. महावितरण कोराडी-चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांपासून कोयनेच्या जलविद्युतपर्यंत, एनटीपीसीपासून खाजगी आणि सौर प्रकल्पांपर्यंत अनेकांकडून वीज घेते. या सगळ्या खरेदीचा आणि तारा, खांब, रोहित्रांचा खर्च धरून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दर ठरवून देतो. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला विजापूर रोडवर जो दर, तोच नाशकात आणि तोच लातुरात. मुंबईहून येणाऱ्यांनी तिथलं बिल शेजारी ठेवून तुलना करू नये. शहरात तिथे बेस्ट, टाटा, अदानी अशा वेगळ्या कंपन्या आहेत आणि त्यांचे दरही वेगळे.

जाता जाता एक गोष्ट, सोलापूरकरांना अभिमान वाटावा अशी. दक्षिणेकडच्या राज्यांची ग्रीड बरीच वर्षं उर्वरित देशाशी एका लयीत जोडलेली नव्हती, एखाद्या बेटासारखी ती वेगळी चालायची. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि ते बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं. देशाची ग्रीड एक झाली ती आपल्या दारात. बिलात त्याची सूट मात्र मिळत नाही.

२. घर ठरवण्याआधी: बिल, मीटर आणि एक छोटी चाचणी

घर दाखवायला आलेल्या माणसाला "मीटर कुठलं?" असं विचाराच. लाजू नका. आणि शेवटच्या महिन्याचं बिल मागा. त्यावर बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट असतं. हे दोन आकडे हाती असले की महावितरणच्या अॅपवर थकबाकी दिसते. बिलावर एवढं पाहा:

- नाव कुणाचं आहे? विकणाऱ्याचं, की त्याच्याही आधीच्या मालकाचं?
- बिलावरचा मीटर क्रमांक आणि भिंतीवरच्या मीटरचा क्रमांक एकच आहे का? अपार्टमेंटच्या जिन्याखाली बारा-पंधरा मीटर एका रांगेत असतात, अदलाबदल सहज होते.
- वर्गवारी घरगुती आहे की वाणिज्यिक?
- 'मागील थकबाकी' या रकान्यात काय आहे?

थकबाकी ही माणसाची, जागेचा तिच्याशी काय संबंध, असं मला वाटायचं. तसं नाही. आयोगाच्या संहितेप्रमाणे जुन्या मालकाची थकबाकी जागेवर बोजा म्हणून येऊ शकते. आणि नियमात तशी तरतूद असेल तर नव्या मालकाकडून ती मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये म्हटलं आहे. म्हणून खरेदीखत होण्याआधी शून्य थकबाकीचं बिल हातात घ्या, किंवा तेवढी रक्कम व्यवहारातून कापून ठेवा. "नंतर बघू" म्हणाल तर माझ्यासारखं होईल.

आता चाचणी. घरातला मेन स्विच पूर्ण बंद करा आणि मीटरवरचा बारीक लाल दिवा पाहा. वापर सुरू असला की तो लुकलुकतो. मेन बंद असूनही लुकलुकत असेल, तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मधून कुणीतरी जोड घेतलेला आहे किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. साखर पेठेसारख्या जुन्या भागात एकेका वाड्याच्या वाटण्या होऊन चार बिऱ्हाडं झालेली असतात. तिथे जिन्यातला दिवा किंवा शेजाऱ्याची मोटर तुमच्या मीटरवर चालत असण्याची शक्यता खरीच असते. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. आजोबांच्या काळची वायर कुणी बदललेली नसते, एवढंच.

ताब्याच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरचा फोटो काढा. तारीख दिसली पाहिजे, आकडा दिसला पाहिजे.

३. कागदपत्रं

विकत घेतलेल्या घराचं बिल आपल्या नावावर करायला किंवा नवं कनेक्शन घ्यायला अर्ज ऑनलाईन करता येतो. नवीन जोडणीच्या अर्जाला सगळे 'ए-वन फॉर्म' म्हणतात. सोबत साधारण हे लागतं:

- मालकीचा पुरावा: खरेदीखत किंवा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातून मिळणारा खरेदीचा उतारा), महापालिकेच्या घरपट्टीची पावती. हद्दीबाहेर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा
- आधार, पॅन, फोटो, मोबाईल नंबर
- नाव बदलताना आधीच्या ग्राहकाचं संमतीपत्र आणि थकबाकी नसलेलं बिल
- मालक वारले असतील तर मृत्यू दाखला, वारसांचा पुरावा आणि बाकी वारसांची संमती
- नव्या जोडणीला परवानाधारक वीज ठेकेदाराचा चाचणी अहवाल
- भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि घरमालकाचं ना-हरकत पत्र

भाडेकरूंनी सहसा नाव बदलण्याच्या भानगडीत पडू नये. फक्त आपला मोबाईल नंबर त्या ग्राहक क्रमांकाला जोडून घ्यावा, म्हणजे बिलाचा मेसेज थेट आपल्याकडे येतो. मालक "बिल माझ्याकडे येतं, मी सांगेन तेवढं द्या" म्हणाला, तर मीटर स्वतंत्र आहे का ते आधी विचारा.

अनामत रक्कम बऱ्याच जणांना माहीत नसते. कंपनी तुमच्याकडून सुरक्षा ठेव घेते. २०२१ च्या संहितेनुसार महिन्याला बिल येणाऱ्यांसाठी ती सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी असते. वापर वाढला की आर्थिक वर्ष संपल्यावर तिचं वेगळं बिल येतं आणि लोक घाबरतात: "या महिन्यात दोन बिलं कशी?" तो दंड नसतो. पैसे तुमच्याच नावावर राहतात, त्यावर व्याज मिळतं आणि ठेव हप्त्यांनीही भरता येते. जुन्या मालकाने त्याची अनामत तुमच्या नावावर करायला संमती दिली नाही तर तुम्हाला नवी भरावी लागेल. हेही व्यवहारातच बोलून घ्या.

एजंटाबद्दल: आमच्या इमारतीतल्या एका काकांनी नाव बदलण्यासाठी एकाला दोन हजार दिले. त्याने त्यांच्याच मोबाईलवरून तो अर्ज भरला. दहा मिनिटं लागली.

४. बिल वाचणं

आता बिलाकडे येऊ. बिलाची गोळाबेरीज पाहून वैतागू नका, वरून खाली एकेक ओळ घ्या.

*स्थिर आकार:* एक युनिटही जाळलं नाही तरी लागतो. गावी महिनाभर गेलात, मेन बंद ठेवलात, तरीही. "घर बंद होतं तरी बिल कसं?" याचं उत्तर ही ओळ.

*वीज आकार:* युनिटप्रमाणे. दर टप्प्याटप्प्याने चढतो: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर.

*वहन आकार:* वीज तारांमधून तुमच्यापर्यंत आणण्याचा खर्च, हाही युनिटमागे.

*इंधन समायोजन आकार:* वीजखरेदीचा खर्च अंदाजापेक्षा कमी-जास्त झाला की त्याचा फरक. म्हणून दोन महिने सारखे युनिट असूनही बिल वेगळं येतं.

*वीज शुल्क:* घरगुती ग्राहकाला वरच्या सगळ्यावर १६ टक्के. हे सरकारच्या तिजोरीत जातं.

यात सगळ्यात मोठा गैरसमज टप्प्यांचा. "शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो" असं चहाच्या टपरीपासून बँकेपर्यंत सगळीकडे ऐकलंय. साफ चूक. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो.

गणित मांडून दाखवतो. २०२४-२५ च्या दरात वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या शंभर युनिटांना ५.८८ रुपये, पुढच्या दोनशेंना ११.४६, त्यापुढच्या दोनशेंना १५.७२ आणि ५०० च्या वर १७.८१ असा दर होता. दर आयोगाच्या आदेशानुसार बदलतात, त्यामुळे तुमच्या बिलामागे छापलेले घ्या. पद्धत तीच राहते.

१०१ युनिट: ५८८ + ११.४६ = ५९९.४६ रुपये. आभाळ कोसळलं नाही.

१८० युनिट: ५८८ + (८० × ११.४६ = ९१६.८०) = १,५०४.८० रुपये.

३४० युनिट: ५८८ + (२०० × ११.४६ = २,२९२) + (४० × १५.७२ = ६२८.८०) = ३,५०८.८० रुपये.

१८० च्या ओळीकडे परत पाहा. नंतरच्या ऐंशी युनिटांना पहिल्या शंभरांपेक्षा जास्त पैसे गेले. वापर दुप्पट झाला नाही, तरी ९५ युनिटवाल्याच्या ५५८.६० च्या तुलनेत बिल अडीचपटीपुढे गेलं. म्हणून बचत करायची तर सरासरी दर पाहू नका. तुमचं शेवटचं युनिट कुठल्या टप्प्यात पडतं ते पाहा. ३४० वाल्याने चाळीस युनिट वाचवले तर प्रत्येकी १५.७२ आणि वर शुल्क वाचतं.

बिलाचा कालावधीही बघा. एखादं बिल चौतीस दिवसांचं असतं, पुढचं सत्तावीस दिवसांचं. "या महिन्यात जास्त कसं?" याचं उत्तर पुष्कळदा तारखांतच सापडतं.

सवलतींचं थोडक्यात: बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का, ऑनलाईन भरलं तर पाव टक्का, कागदी बिल नको म्हणालात तर त्याचीही थोडी सवलत. मुदत टळली तर सव्वा टक्का विलंब आकार. रोखीने पाच हजारांपेक्षा जास्त भरता येत नाही.

५. घरातच माग, शिलाई किंवा शिकवणी असेल तर

हा मुद्दा खास सोलापूरचा. पूर्व भागात घर आणि कारखाना यांच्यामध्ये कित्येकदा एक पडदाच असतो. पुढच्या खोलीत शिलाई मशिन, मागे टॉवेलचा माग, वर बिऱ्हाड.

नियम असा: राहत्या घराच्या काही भागात छोटा धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, शिवाय आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दर चालतो. ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंना, शिकवणी घेणाऱ्या सरांना घाबरायचं कारण नाही. पण यंत्रमाग चालवून वापर त्यापुढे गेला, तर वेगळी जोडणी घ्या. घरगुती मीटरवर या मर्यादेपुढचा धंदा सापडला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली लागू असलेल्या दराच्या दुप्पट आकारणी होते. पाव्हण्याच्या दुकानाला तुमच्या घरातून वायर टाकून देणं हेही त्यातच येतं. आकडा टाकणं तर सरळ चोरी, कलम १३५.

६. रीडिंगची वही

माझ्या मीटरशेजारी खिळ्याला एक चाळीस पानी वही लटकते. दर महिन्याच्या एक तारखेला त्यात एक आकडा. बायको हसते, पण ही वही दोनदा कामाला आली.

पहिल्यांदा आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड महिना गावी होतो, आणि आमचं मीटर तेव्हा आतल्या गॅलरीत होतं. दाराला कुलूप, त्यामुळे सरासरीवर बिल निघालं. चूक आमचीच. नंतर खरं रीडिंग दिल्यावर पुढच्या बिलात ते समायोजित झालं. नवं बांधत असाल तर मीटर बाहेरून वाचता येईल अशा जागीच लावा. बिलावर 'सरासरी', 'कुलूपबंद' किंवा 'रीडिंग नाही' असं काही दिसलं तर पुढच्या बिलाची वाट पाहू नका, अॅपवरून फोटोसह रीडिंग पाठवा.

दुसऱ्यांदा मी स्वतःच चुकीचं रीडिंग पाठवलं. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, व्होल्ट, कमाल मागणी असे आकडे एकामागून एक फिरत असतात. मी घाईत भलत्याच आकड्याचा फोटो काढला. शेजारी 'केडब्ल्यूएच' (kWh, म्हणजे युनिट) लिहिलेलं असेल तोच आकडा आपला, आणि दशांश चिन्हाच्या उजवीकडचं सोडून द्यायचं. वहीत मागचे आकडे होते म्हणून चूक लगेच लक्षात आली.

स्मार्ट किंवा टीओडी (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर वेगळा मोजणारं) मीटर बसलं असेल तर आणखी एक: १ जुलै २०२५ पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. धुणं, इस्त्री, पाण्याची मोटर या वेळेत उरका. मोटरचं मात्र आपल्या हातात नाही. सोलापुरात नळाला पाणी येईल तीच मोटरची वेळ.

७. एप्रिल-मे

पारा ४२-४३ वर गेला की सगळ्यांचीच बिलं फुगतात. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण एक तास. साधा ७५ वॅटचा पंखा तेरा-चौदा तासांत एक युनिट घेतो. कूलर दोनशे वॅटच्या आसपास, दीड टनाचा जुना एसी तासाला जवळपास दीड युनिट. इथली हवा कोरडी, त्यामुळे कूलर चांगला गार करतो. कोकणातून आलेल्यांना हे पटत नाही, एक उन्हाळा गेला की पटतं. एसी घेणारच असाल तर आधी बिलावरचा मंजूर भार (एका वेळी किती किलोवॅट वापरता येतात तो आकडा) पाहा आणि घरातली वायर तेवढा भार पेलेल का हे वायरमनला विचारा.

८. छतावर सौर

ऊन फुकट जातंय असं इथे राहणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्यापुढे एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं असं धरा. अनुदान तुमच्या बँक खात्यात येतं आणि अर्जावरचं नाव बिलावरच्या नावाशी जुळावं लागतं, म्हणून तिसऱ्या मुद्द्यातलं बिल आपल्या नावावर करायचं काम टाळू नका. अपार्टमेंटची गच्ची सामाईक असते, तेव्हा सोसायटीची परवानगी आधी, पॅनल नंतर.

एक भ्रम काढून टाका: लाईट गेली की साधी ऑनग्रीड (बॅटरीशिवाय, ग्रीडला जोडलेली) सौर यंत्रणाही बंद पडते, भर दुपारी सुद्धा. ती मुद्दाम तशी केलेली असते. नाहीतर तुमचं घर वीज पुरवणारं एक बेट होऊन बसेल आणि लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या पॅनलचा शॉक बसेल. वीज गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरीची यंत्रणा घ्यावी लागते, आणि तिचा खर्च वेगळा.

९. अडलंच तर

लाईट गेली तर १९१२ किंवा १८००-२३३-३४३५. दोन्ही फुकट. फोन करताना ग्राहक क्रमांक जवळ ठेवा.

"आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज कुणाच्या खाजगी मोबाईलवरून आला तर तो लुबाडणाराच. थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. अशा मेसेजवरून कुठलंही अॅप उतरवून घेऊ नका.

बिलच चुकीचं वाटलं तर आपल्या उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तिथे सुटलं नाही तर अंतर्गत तक्रार निवारण कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच (सोलापूर हे महावितरणच्या बारामती परिमंडळात येतं) आणि त्यावर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही. वाद सुरू असताना वीज तुटू नये म्हणून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती 'हरकत राखून' भरता येते. हे शब्द अर्जावर लिहायला विसरू नका. आणि जाताना मीटरचे फोटो नुसते मोबाईलमध्ये ठेवू नका, तारखेसह छापून दोन प्रती न्या. एक त्यांच्या फाईलला लागते, दुसरीवर शिक्का मारून घ्यायचा.